हादग्याचा हत्ती काय सांगतो?



आपल्या सणावारांच्या चालीरीती आणि मुलाबायकांच्या खेळांतली गाणी यांचा अर्थ काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याला उत्तरेही पुष्कळ मिळतात, पण ती बहुधा दोन तऱ्हेची असतात. एक गृहस्थ म्हणतात, "अहो, हा सगळा अडाणीपणा. यात अर्थ कसला शोधता?" दुसरे म्हणतात, "छे छे, आपल्या पूर्वजांनी प्रत्येक रूढीत शास्त्र भरून ठेवलं आहे. आपल्याला कळत नाही, एवढंच!" पहिल्या उत्तराने विचार तिथेच थांबतो आणि दुसऱ्याने तो भरकटतो. आज मला या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्या वाटेने तुम्हांला थोडे दूरपर्यंत न्यायचे आहे. सोबतीला शास्त्री-पंडित नकोत. आपल्या घरातली आजी, अंगणातला पाट आणि शिवारातला पाऊस एवढे साक्षीदार पुरेत.

आरंभी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. इंग्रजी शाळांतून आपल्याकडेही आलेले एक खेळगाणे आहे. मुले हात धरून फेर धरतात, फुलांची नावे घेतात आणि शेवटी सगळी एकदम खाली बसतात. त्याचा दडलेला अर्थ म्हणून कित्येकजण सांगतात, की ते १६६५ च्या लंडनच्या भयंकर प्लेगचे वर्णन आहे. खाली बसणे म्हणजे मरून पडणे. ऐकायला हे मोठे चमत्कारिक आणि खरेही वाटते. पण लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी तपास केला, तेव्हा काय दिसले? ते गाणे इंग्लंडात छापलेले सापडते ते १८८१ साली, म्हणजे प्लेगनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. आणि प्लेगचा हा अर्थ तर विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पसरला. गाणे जुने, अर्थ मात्र नवा आणि बाहेरून चिकटवलेला!

तेव्हा अर्थ गोड लागला म्हणून तो खरा मानायचा नाही. मग खरेखोटे पारखायचे कसे? मी तीन साधे प्रश्न सुचवतो. पहिला, ही रीत वर्षाच्या कोणत्या दिवसांत येते, आणि त्या दिवसांत शेतात व घरात काय चाललेले असते? दुसरा, ही रीत कोण पाळतो, हे गाणे कोण म्हणतो, आणि त्यातून कुणाला काय मिळते? तिसरा, शेजारच्या तालुक्यात हीच गोष्ट कशी करतात? या तिन्ही प्रश्नांपुढे जो अर्थ टिकेल तो धरावा. अर्धा टिकला, तर अर्धाच टिकला असे सांगावे.

आता हादगा घ्या. कुणी त्याला भोंडला म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र लावून त्याला फुलांच्या आणि फळांच्या माळा घालायच्या आणि त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज चढती संख्या. शेवटी डबा वाजवून आतली खिरापत ओळखायला लावायची. आता या खेळात हत्ती कुठून आला? आपल्या देशावरच्या गावांत हत्ती काही रोज दिसत नाही.

पहिला प्रश्न लावून पाहू. सप्टेंबरच्या २६-२७ तारखेच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो, आणि ऑक्टोबरच्या १०-११ तारखेपर्यंत तिथे असतो. या दिवसांतल्या पावसाला आपले शेतकरी हस्ताचा, कित्येक ठिकाणी हत्तीचा पाऊस म्हणतात. संस्कृतात 'हस्त' म्हणजे हात. पण हाताने म्हणजे सोंडेने काम करणारा तो 'हस्ती', म्हणून हस्तावरून हत्तीकडे लोकांची जीभ सहज वळली. शिवाय काळा ढग आणि हत्ती यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. कालिदासाच्या यक्षालाही पहिला मेघ दिसला तो टेकडीला धडका देणाऱ्या हत्तीसारखा. गजलक्ष्मीच्या मूर्तीत हत्तीच देवीवर पाणी ओततात.

आणि हा पाऊस साधासुधा नव्हे. सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागांतली रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. परतीच्या वाटेवरचा पाऊस बरसला तर कणीस भरते, आणि नाही बरसला तर कडबासुद्धा हाती लागत नाही. म्हणून अंगणातला तो हत्ती म्हणजे दाराशी बोलावलेला पाऊसच आहे. त्याला माळा घालायच्या त्या पाहुणा नीट यावा म्हणून.

पण इथेही थोडे थांबू या, बरं का. सत्तावीस नक्षत्रांत वर्ष वाटले, तर एका नक्षत्राच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस येतात. लोक मात्र हादगा सोळा दिवसांचा सांगतात. सोळा ही आपली लाडकी संख्या. ती पंचांगाच्या हिशेबात बसवायची खटपट नको. दुसरे असे, की पुष्कळ ठिकाणी भोंडला घटस्थापनेपासून सुरू करतात. घटस्थापना चंद्राच्या तिथीने येते आणि नक्षत्राचा पाऊस सूर्याच्या चालीने. २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला आली. तोवर सूर्य हस्तातून बाहेरही पडला होता! म्हणजे हत्ती पावसाच्या गणिताने आला आणि नवरात्राच्या गणिताशी जोडला गेला. विदर्भात आणि खानदेशात तर त्याच सुमारास मुली भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात. तिथे खेळ भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालतो, आणि मध्यभागी हत्तीऐवजी शंकर-पार्वतीचे जोडपे असते. तिसरा प्रश्न विचारला की असे दिसते. हत्तीचा अर्थ पावसाचा, पण मुलींच्या खेळाचा सगळा अर्थ पावसात मावत नाही.

मग उरलेला अर्थ कुठे आहे? तो गाण्यांत आहे. सासर, माहेर, सासू, नणंद, दीर, जाऊ ही या गाण्यांतली पात्रे. यांतले एक गाणे तुम्हां सर्वांना ठाऊक असेल. सून माहेरी जायला निघते, सासूची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर आणि मग जा. बी पेरून झाले की वेल वर येऊ दे, मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी, मग जेवण, मग उष्टी-खरकटी. दरवेळी सून काम पुरे करते आणि दरवेळी माहेर एक पाऊल मागे सरते. मुली हे गाणे खिदळत म्हणतात, आणि त्याची चालही उड्या मारायला लावणारी आहे.

आता शेतकऱ्याच्या नजरेने हिशेब करा. कारल्याचे बी टाकल्यापासून पहिले फळ हाती यायला साधारण दोन महिने लागतात. ते दोन महिने सासू 'नाही' हा शब्द एकदाही उच्चारत नाही. नुसती एकापुढे एक अट घालते. नकार न देता नकार कसा देतात, आणि ज्याला तो मिळतो त्याला तक्रारीला जागाही कशी उरत नाही, हे या गाण्याने किती नेमके दाखवले आहे पहा! आणि वेल कसली? कारल्याची. काकडी नाही, भोपळा नाही. असाच दुसऱ्या गाण्यात तो वेडा नवरा येतो. बायकोने केलेला पदार्थ त्याला ओळखता येत नाही, आणि तो भलताच समज करून घेतो. मुली हसतात. पण ज्या घरात नवऱ्याचे नाव घ्यायचीही चोरी होती, तिथे फेरात उभे राहून त्याला वेडा म्हणण्याची सोय याच गाण्याने दिली होती.

दुसरा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. ही गाणी म्हणत होते कोण? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! शारदा कायदा १९२९ साली झाला, १९३० च्या एप्रिलपासून अंमलात आला, आणि त्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवले. याचा अर्थ असा, की त्यापूर्वी कित्येक पिढ्या फेर धरणाऱ्या मुली आठ, नऊ, दहा वर्षांच्या होत्या. त्यांतल्या काहींचे लग्न झालेले होते आणि काहींचे वर्षा-दोन वर्षांत व्हायचे होते. ज्यांना सासरी जायचे होते त्यांच्यासाठी हे गाणे म्हणजे पुढची शिकवणी होती. ज्या सासरी जाऊन आल्या होत्या त्यांच्यासाठी ती फिर्याद होती. एकटीने बोलली असती तर तोंडावर हात बसला असता. पण दहाजणींच्या फेरात, तालावर, हसतहसत म्हटलेल्या शब्दांबद्दल जाब कोण विचारणार? सासूसुद्धा ओसरीवर बसून ऐकत असे. तीही एके काळी त्याच फेरात होती ना!

हा अर्थ कुणी गुपचूप लपवून ठेवला होता असे नाही. तो उघड्यावर, भर अंगणात, मोठ्याने म्हटला जात होता. आपण पुरुषमंडळींनी, आणि शिकलेल्यांनी, तो ऐकला नाही, इतकेच. म्हणून तो दडलेला!

आता श्रावणातली नागपंचमी पाहू. त्या दिवशी नांगरायचे नाही, खणायचे नाही. याचे कारण सांगतात, की पावसाने बिळे भरून साप शेतात बाहेर येतात, त्यांना इजा होऊ नये. साप उंदीर खातो, शेतकऱ्याच्या धान्याची राखण करतो, तेव्हा या कारणात अर्थ आहे. नागाला दूध पाजण्यात मात्र काही अर्थ नाही; दूध हे सापाचे अन्न नव्हे, आणि सक्तीने पाजले तर त्याला अपायच होतो. पण आपल्या रीतीत आणखीही काही आहे. त्या दिवशी विळीवर चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचे नाही. आता स्वयंपाकघरातल्या विळीचा आणि तव्याचा शिवारातल्या सापाशी काय संबंध? सापाच्या रक्षणाचे कारण इथे अर्ध्यावरच थांबते.

तिथे दुसरा प्रश्न लावा. यातून कुणाला काय मिळते? त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडतात, पोळ्या लाटून भाजण्याचा रगाडा नसतो. झाडाला झोके बांधलेले असतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, भावासाठी उपवास आदल्या दिवशी झालेला असतो, आणि दुपारपासून फेर, फुगड्या, झिम्मा सुरू होतो. श्रावणात भांगलण-खुरपणीने बायकांच्या पाठी मोडून आलेल्या असतात. या सुट्टीला देवाचे नाव दिले म्हणून ती मिळाली, नाही तर कोण देणार होते? बैलपोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आदल्या सांजेला त्याचे खांदे तूप-हळदीने चोळतात, हे आपण कौतुकाने सांगतो. नागपंचमीला बाईच्या हातातली विळी एक दिवस खाली ठेवली जाते, हे मात्र कुणी सांगत नाही. नाग हेच या सणाचे मूळ कारण असेल. माझे म्हणणे इतकेच, की तव्याचे उत्तर नागापाशी नाही.

तिसरे उदाहरण बलिप्रतिपदेचे. पुराणात कथा अशी, की वामनाने तीन पावले भूमी मागून बळीला पाताळात घातले. पोथी वामनाचा जय गाते. पण दिवाळीत आपल्या घरच्या बायका ओवाळताना मागणे कोणाचे मागतात? बळीचे राज्य परत यावे, असे. विजय वामनाचा आणि आठवण बळीची, हे कसे? शेतकऱ्याला आपण 'बळीराजा' म्हणतो तेही याच आठवणीतून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त या गोष्टीवर बोट ठेवले, आणि बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे मांडले. तिकडे केरळात ओणमचा सारा सण बळीच्या वार्षिक भेटीसाठीच असतो. एकमेकांपासून दूरच्या दोन प्रांतांत, दोन वेगळ्या भाषांत, लोक एकाच पडलेल्या राजाची वाट पाहतात. बळी नावाचा राजा खरोखर कधी व कुठे झाला, हा इतिहासाचा प्रश्न वेगळा. पण पोथी एक सांगते आणि ओवाळणीचे ताट दुसरे मागते, हे तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. अशा ठिकाणी ताटाकडे नीट पाहावे. लोकांनी कथा ऐकून घेतली आणि मनातले मागणे तसेच ठेवले.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, की पाऊस, विसावा, न्याय, म्हणजे आमच्या रूढीत सारे चांगलेच आहे तर! तसे म्हणता येत नाही, श्रोतेहो. अर्थ शोधायला निघाल्यावर जो सापडेल तो पत्करला पाहिजे. संक्रांतीचे हळदीकुंकू घ्या. सुगडात ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या लोंब्या भरतात. शिवारात त्या आठवड्यात जे उभे असते त्याचाच तो वानोळा. तीळ-गूळ थंडीच्या दिवसांतला, तेही ठीक. सूर्याचे उत्तरेकडे वळणे मात्र आज २१-२२ डिसेंबरला होते, आणि संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन दिवस एक होते. म्हणजे सणाने एका जुन्या आकाशाची आठवण जपली आहे. हे सारे सुंदर आहे. पण त्याच हळदीकुंकवाला कुणाला बोलावणे जात नव्हते? जिचा नवरा गेला तिला. ज्या सणाने दहाजणींना एकत्र आणले, त्यानेच अकरावीला दाराआड बसवले. हादियापासून माघापर्यंत फेरात जी सर्वांत मोठ्याने गात होती, तीच एका वर्षी आत कोंडली गेली, असे किती घरांत झाले असेल! हाही रूढीचाच अर्थ आहे, आणि तो झाकण्यासाठी कसलेही शास्त्र पुढे करू नये. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. ज्या गावाने रीत चालवली त्याच गावाला ती बदलताही येते, हे त्या ठरावाने दाखवले.

आता शेवटचे बोलणे विशेषतः शिक्षक बंधुभगिनींशी. तुमच्या शाळेत हादगा होत असेल. बहुधा तो ध्वनिक्षेपकावर लावलेल्या तबकडीच्या किंवा मोबाइलच्या गाण्यावर होतो. सगळीकडे गाणी तीच, शब्दही तेच. छापील पुस्तकातली पाच-सहा गाणी राज्यभर पसरली, आणि गावोगावची पन्नास गाणी त्यांच्याखाली बुजून गेली. मुलींना नऊवारी नेसवून छायाचित्र काढले की आपले काम झाले असे आपल्याला वाटते. त्याऐवजी एवढे करून पहा. सातवी-आठवीच्या मुलामुलींना एकेका आजीकडे पाठवा. तिने लहानपणी म्हटलेले गाणे तिच्या तोंडून ऐकायचे, आणि जसेच्या तसे उतरून घ्यायचे. शब्द अशुद्ध वाटला तरी सुधारायचा नाही. आज मोबाइलवर आवाजही धरून ठेवता येतो. तिला विचारून तो ठेवावा. गाव, साल, ती कोणत्या गावाहून सून म्हणून आली, हे खाली लिहावे. गाणी माहेरच्या गावाहून सासरच्या गावी बायकांबरोबरच चालत आली, म्हणून ही नोंद मोलाची. आणि मग, सर्वांत महत्त्वाचे, अर्थ आधी तिलाच विचारावा. आपला अर्थ तिच्या तोंडात घालू नये. कधी ती म्हणेल, "अर्थ कसला बाळा, आम्ही आपलं म्हणत होतो." तेही उतरून घ्यावे.

हे काम लहान नाही. दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहून आपल्याला वाट आखून दिली. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या वतीने गावोगावची गाणी ग्रंथांत आणली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. त्या गाणाऱ्या बाया बहुतेक शेतमजूर, अल्पभूधारक घरांतल्या. पुष्कळजणींना सही करता येत नव्हती. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवी म्हणायची वेळच दिवसातून नाहीशी झाली. त्या वेळी ती उतरून घेतली नसती तर आज ती कुठून आणणार होतो?

फेराच्या गाण्यांचेही तसेच आहे. ज्यांनी ती फिर्याद म्हणून म्हटली, त्या पिढीतल्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्यानंतर गाणे राहील, चाल राहील, खिरापतीचा डबाही वाजेल. पण कारलेच का आणि 'मग जा' म्हणजे काय, हे सांगणारे कुणी राहणार नाही. मग आपल्यासारखे शहाणे लोक त्याला हवा तो अर्थ चिकटवतील, त्या इंग्रजी गाण्याला प्लेग चिकटवला तसा.

तेव्हा या हस्तात, पाऊस लागला असेल आणि मुले वर्गात चुळबुळत असतील, तर त्यांना एक प्रश्न घालून घरी पाठवा: "तुझी आजी लहानपणी फेर कुठे धरायची, आणि तेव्हा तिचं लग्न झालं होतं का?" दुसऱ्या दिवशी जी उत्तरे येतील, त्यांत या भाषणात नसलेले पुष्कळ काही असेल.